आकडा खोटा बोलला तर?

मे महिन्याच्या सुटीत आम्ही गुहागरहून निघालो, तवसाळच्या फेरीबोटीने खाडी ओलांडून जयगडला उतरलो आणि मुक्कामाला गणपतीपुळ्याला आलो. मुले दिवसभर किनाऱ्यावर होती. रात्री जेवायला बसलो आणि वीज गेली. पोरांनी आरडाओरडा केला, कुणीतरी मोबाइलची बॅटरी लावली. जुबैलहून रजेवर आलेला आमचा भाचा तेवढा शांत होता. तिथल्या एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये तो पॅनलवर बसतो.

"मामू, वीज गेली तर कळतं तरी," तो म्हणाला. "आतमध्ये काही बिघडलंय आणि पडद्यावर सगळं ठीक दिसतंय, असं झालं तर?"

कोकणातल्या किती घरांचा कमावता माणूस आज अशा पॅनलसमोर बसलेला आहे! म्हणून हा प्रश्न आम्हाला सोडवेना.

कारखाना असो, वीज केंद्र असो की पाणी शुद्धीकरण, तिथे पीएलसी नावाचे छोटे संगणक काम करतात. दाब, तापमान, पाण्याची पातळी वाचायची आणि त्याप्रमाणे व्हॉल्व्ह उघडायचा किंवा बंद करायचा, एवढेच त्यांचे काम. यातल्या बऱ्याच यंत्रणा घडल्या त्या काळी बाहेरचा कुणी तिथवर पोहोचेल असे कुणाच्या मनातही नव्हते. त्यामुळे हुकूम आला की ती पाळतात, हुकूम देणारा कोण हे विचारत नाहीत. २०१० साली उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने हेच साधले. इराणच्या नतान्झ येथील सेंट्रिफ्यूज यंत्रे तो बिघडवत होता, आणि पडद्यावर मात्र आधी टिपून ठेवलेले चांगले आकडे दाखवत होता.

आखातही सुटले नाही. १५ ऑगस्ट २०१२ रोजी, रमजानच्या शेवटच्या दिवसांत, बरेच कर्मचारी रजेवर असताना, सौदी अरामकोचे सुमारे तीस हजार संगणक पुसले गेले. ते कार्यालयातले होते, तेल उत्पादन चालू राहिले. २०१७ चा प्रकार मात्र अंगावर काटा आणणारा. सौदीतल्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात 'ट्रायटन' नावाचा मालवेअर थेट सुरक्षा यंत्रणेत शिरला. दाब धोक्याच्या पातळीवर गेला की कारखाना आपोआप बंद करते ती ही यंत्रणा. म्हणजे माणसांचा जीव वाचवणारी शेवटची कडीच. सुदैवाने यंत्रणेत गोंधळ उडाला, कारखाना बंद पडला आणि म्हणूनच चोर सापडला.

मग यावर अभ्यास कुठे करायचा? चालत्या कारखान्यात प्रयोग करता येत नाहीत. म्हणून विद्यापीठे छोटा, पण खराखुरा कारखाना उभारतात आणि स्वतःच त्यावर हल्ले करतात. सिंगापूरच्या एका तंत्रज्ञान विद्यापीठाने २०१५ मध्ये सहा टप्प्यांचे पाणी शुद्धीकरण केंद्र बांधले. ते अकरा दिवस चालवून नोंदी घेतल्या. सात दिवस सुरळीत, चार दिवस हल्ल्यांचे, एकूण ३६ हल्ले. या नोंदी जगभरच्या संशोधकांना वापरायला दिल्या. आपल्याकडे आयआयटी कानपूरच्या सी-थ्री-आय केंद्रात वीज आणि पाण्याच्या अशाच प्रतिकृती आहेत. मुंबईत माटुंग्याची व्हीजेटीआय १८८७ पासूनची संस्था. तिथल्या इलेक्ट्रिकल विभागाचे प्राध्यापक डॉ. फारूक काझी यांनी वीजजाळे आणि औद्योगिक नियंत्रण यंत्रणांच्या सायबर सुरक्षेवर काम केले आहे. आपल्या मुलामुलींना बारावीनंतर 'कॉम्प्युटर की इलेक्ट्रिकल' हा पेच पडतो, त्यांनी हे नाव लक्षात ठेवावे. इथे दोन्ही लागते.

या संशोधनातली एक कल्पना आम्हाला फार आवडली, कारण ती घरच्या टाकीवर समजते. नळ चालू आहे, खालचा पाइप बंद आहे, तर पातळी वाढलीच पाहिजे. पडदा म्हणतो, पातळी तेवढीच आहे. मग काहीतरी खोटे बोलत आहे. आकडा बदलता येतो, पाण्याचा स्वभाव बदलता येत नाही. संशोधक असे नियम शोधून संगणकाला पहाऱ्यावर बसवतात. अडचण एवढीच की जुना सेन्सर बिघडला तरी हाच इशारा वाजतो. वरचेवर खोटा वाजणाऱ्या घंटेकडे माणूस दुर्लक्ष करू लागतो.

बिघाड की घातपात, हे ओळखणे किती अवघड असते ते आपण पाहिले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षी राज्याच्या सायबर विभागाने मालवेअरचा संशय मांडला, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक सांगितली. अशा वादात तज्ज्ञाचे म्हणणे लागते, आणि तो तज्ज्ञ एका रात्रीत तयार होत नाही.

भाचा आता जुबैलला परतला आहे. परवा फोनवर सांगत होता, रात्रपाळीत तो वॉकीटॉकीवरून खालच्या पोराला विचारतो, "टाकीवरच्या गेजचा काटा कुठे आहे रे?" आणि तो आकडा वहीत पडद्यावरच्या आकड्याशेजारी लिहून ठेवतो.