घुमटावाचून मशीद

इस्लामाबादेत मारगल्ला टेकड्यांच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या फैसल मशिदीला घुमट नाही. बेदुइनांच्या तंबूची आठवण करून देणारे काँक्रीटचे उतरते छत आणि चार कोपऱ्यांवर चार निमुळते मिनार, एवढाच तिचा बाह्याकार. 1986 साली ती पूर्ण झाली. परंतु ‘ही मशीद कशी?’ असा प्रश्न पाकिस्तानातील काही सनातनी मंडळींनी विचारलाच. तिचे तुर्की वास्तुकार वेदात दालोकाय यांना तो नवा नव्हता. स्वदेशी याच प्रश्नापुढे त्यांची हार झाली होती.

वस्तुतः जामा मशिदीची मूळ गरज कोणती? शुक्रवारच्या नमाजाला माणसे खांद्याला खांदा लावून, मक्केच्या दिशेने तोंड करून, रांगांनी उभी राहतात. मध्ये खांब आला की रांग तुटते. तेव्हा हवी असते ती विस्तीर्ण, मोकळी जागा. दगडविटांच्या युगात अशी जागा आच्छादण्याचा उत्तम उपाय घुमट हाच होता. एदिर्नेच्या सेलिमिये मशिदीत सिनानने सोळाव्या शतकात तो पराकोटीस नेला. लोखंडी सळयांचे काँक्रीट आले आणि ती सक्ती संपली. घुमट मागत होता तो दगड, धर्म नव्हे.

अंकारातील कोजातेपे मशिदीसाठी 1957 साली झालेल्या स्पर्धेत दालोकाय व नेजात तेकेलिओग्लू यांचा पातळ काँक्रीट कवचाचा आराखडा पहिला आला. बांधकामही सुरू झाले. मग टीकेचे मोहोळ उठले, काम थांबले आणि घातलेला पाया उखडण्यात आला! मशीद दुरून ओळखू यावी, ही सामान्य भाविकाची अपेक्षा अडाणीपणाची म्हणता येणार नाही. तथापि त्या अपेक्षेची किंमतही हिशेबात धरावयास हवी. पायाचा खर्च वाया गेला तो निराळाच. 1967 च्या दुसऱ्या स्पर्धेतून उस्मानी थाटाचा आराखडा निवडला गेला, आणि मशीद पुरी होण्यास 1987 साल उजाडले.

दरम्यान 1969 साली इस्लामाबादच्या स्पर्धेत 17 देशांतून आलेल्या 43 आराखड्यांतून दालोकाय यांची निवड झाली होती. ज्या अंकाराने त्यांची मशीद नाकारली, तिचेच ते 1973 ते 1977 महापौर होते, हाही एक विलक्षण योग. कोजातेपेच्या घुमटांखाली आज नमाज होतो. सोळाव्या शतकाचे रूप धारण केलेल्या त्या वास्तूचा सांगाडा मात्र काँक्रीटचाच आहे, आणि तिच्या पोटात मोटारतळ व बाजार आहे.