फियाटचं हेड उतरवताना

वालचंद हिराचंदांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची फियाट कुर्ल्यात बनायची. याच कंपनीच्या कल्याण-डोंबिवलीच्या कारखान्यात १९९०च्या दशकात प्यूजो ३०९ तयार झाली. ती फार काळ चालली नाही. फियाट, म्हणजेच पुढची पद्मिनी, मात्र माणसांनी जिवापाड जपली. ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस मुंबईतली पद्मिनीची शेवटची टॅक्सी बंद झाली. खासगी पद्मिनी हौसेने सांभाळणारे अजून आहेत आणि कधी ना कधी त्यांच्यावर इंजिनाचं हेड खोलायची वेळ येतेच.

कारण इंजिनाच्या घडणीतच आहे. चार सिलिंडर, १०८९ सीसी. ब्लॉक बिडाचा, हेड अॅल्युमिनियमचं. तापल्यावर अॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. त्यात पंखा पट्ट्यावर चालणारा, म्हणजे इंजिन जेवढं फिरेल तेवढाच तो फिरणार. घोडबंदर रोडला किंवा शीळफाट्याला गाडी अडकली की वारा हवा तेव्हाच पंखा मंदावतो. हेड वाकतं, ब्लॉक आणि हेडमधलं पॅकिंग जातं. मग रेडिएटरमध्ये बुडबुडे, सायलेन्सरमधून पांढरा धूर, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा.

हेड उतरवायला ताकदीपेक्षा शिस्त लागते. इंजिन पूर्ण थंड हवं. पाणी काढायचं, कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड सोडवायचे, रॉकर शाफ्ट उचलायचा. आठही पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून क्रमाने खोचून ठेवायचे, कारण प्रत्येक रॉड आपापल्या जागी झिजलेला असतो. हेडचे बोल्ट कडेकडून मधे, थोडेथोडे सैल करायचे. चिकटलेल्या हेडखाली स्क्रू ड्रायव्हर घालणारा मेकॅनिक पाहिला की जीव तुटतो. मऊ अॅल्युमिनियमवर पडलेला तो ओरखडा पुढे पाणी गळायची वाट होतो. लाकडी हातोडीने कडेला हलके ठोकले की बहुतेक हेड सुटतं.

मग काळी काजळी खरवडायची, हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेजची पात सरकवून पाहायची. वाक सापडला तर फेसिंग. ठाण्यात वागळे इस्टेटसारख्या भागातली मशीन शॉप हे काम करतात. तेही मोजकंच करावं, कारण दर फेसिंगला हेड पातळ होतं आणि कॉम्प्रेशन वाढतं. वॉल्व पेस्ट लावून सीटवर घासायचे, कडेला सलग राखाडी कडं उमटेपर्यंत. हेड उलटं ठेवून, प्लग लावून वॉल्वच्या खळग्यात रॉकेल ओतायचं. पोर्टमधून थेंब आला तर पुन्हा घासायचं. या परीक्षेला मशीन लागत नाही आणि ती खोटं बोलत नाही.

बसवताना पॅकिंग नवंच, बोल्ट मधून कडेकडे आणि टॉर्क रेंचनेच. शेवटी टॅपेट सेट करायचे. अंदाजाने आवळलेलं हेड पुन्हा खोलावं लागतं.

जुनी गाडी असेल तर एवढंच करा: तापमानाचा काटा चढला की ती बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि निवेपर्यंत रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका.