जिभेखालची गोळी आणि गावचा दवाखाना



पांढऱ्या रश्श्यात खसखस वाटून घालायची आपली जुनी रीत. ती खसखस ज्या बोंडात तयार होते, त्याच हिरव्या बोंडाला चिरा दिल्या की अफूचा चीक पाझरतो. (बियांत नशा नसते, रस्सा बिनघोर खावा.) या पिकाचा परवाना केंद्र सरकार मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील ठरावीक भागांतच देते. २०१२ साली बीड जिल्ह्यात उभी पिके पकडली गेली, तेव्हा हे अनेकांना कळले.

गर्द याच चिकापासून बनते. ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामक गोळी कारखान्यात तयार होते, पण जास्त दिवस घेतली तर शरीराला तशीच धरून ठेवते. २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत अफूच्या जातीची द्रव्ये घेणारे सुमारे सव्वादोन कोटी लोक देशात आढळले.

सोडू म्हटले की नाक-डोळे गळतात, हाडे ठणकतात, जुलाब लागतात, झोप उडते. घरचे म्हणतात, पोरगा मनाचा कच्चा. मला हे पटत नाही. शिरोळकडची क्षारपड जमीन आठवा. एक हंगाम पाणी तोडले म्हणून मुरलेले मीठ निघून जात नाही. चर काढून निचरा करावा लागतो, त्याला वर्षे लागतात. पोराला नुसते कोंडून घालणे हे पाणी तोडण्यासारखेच. त्यात जिवाचा धोका आहे. महिनाभर बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि बाहेर येऊन जुन्याच मापाने घेतले तर श्वास थांबतो.

यावर ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली तिला अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. ती गिळायची नाही, जिभेखाली विरघळू द्यायची. तलफ शमते, अंगदुखी थांबते, माणूस कामाला लागतो. पहिली गोळी मात्र डॉक्टरच ठरवतात. आधीची नशा अंगात असताना घेतली तर त्रास उसळतो. दारू किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर मुळीच नको. औषध महिनोन्‌महिने, कधी काही वर्षे चालते. हे एक व्यसन सोडून दुसरे धरणे नव्हे का, असे लोक विचारतात. मग रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्या आजोबांना आपण व्यसनी का म्हणत नाही?

पंजाबने २०१७ च्या ऑक्टोबरपासून सरकारी बाह्यरुग्ण केंद्रांतून हे औषध सुरू केले. रुग्णाने दाखल व्हायची गरज नाही. गोळी घ्यायची, समुपदेशकाशी बोलायचे आणि घरी जायचे. आपल्याकडेही असे उपचार प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळाले पाहिजेत. चंदगडहून कोल्हापूर शंभर किलोमीटरहून लांब. सुरुवातीला रोज गोळीसाठी एवढे अंतर काटायचे, तर मजुरी बुडते, चारचौघांत बोभाटा होतो आणि औषध अर्ध्यावर सुटते. ग्रामसभेत रस्ता-पाण्याबरोबर ही मागणीही ठेवा.

तोवर कोल्हापुरात सीपीआरच्या मानसोपचार विभागात दाखवावे. १४४४६ या व्यसनमुक्ती मदतवाहिनीवर फोन लावता येतो, पैसे पडत नाहीत. पोलिसांच्या भीतीने पोराला लपवू नका. अल्प प्रमाणात अंमली पदार्थ बाळगल्याचा किंवा सेवनाचा गुन्हा असलेला माणूस आपणहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊन ते पुरे करत असेल, तर १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ त्याला खटल्यापासून संरक्षण देते.