किहीमच्या किनाऱ्यावर मुलांसह एक दिवस

सुट्ट्या लागल्या की आपल्या घाटावरच्या गावांतून कोकणाकडे जाणाऱ्या गाड्या भरून वाहू लागतात. अलिबागजवळचे किहीम हे त्यातले आवडते ठिकाण. सुरूची झाडे, लांबलचक वाळू, फार गर्दी नाही. मुलांना दिवसभर मोकळे सोडायला अशी जागा मिळणे कठीण आणि मुलांनी असे खेळावेच, या मताचा मी आहे. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. "आमचा बाळू कृष्णेत पट्टीचा पोहतो" असे सांगणारे पालक समुद्राच्या बाबतीत निर्धास्त होतात. नदीची ओढ एकाच दिशेची असते. समुद्राची दर सहा तासांनी बदलते.

कोकणातील जुन्या माणसांचा हिशेब येथे उपयोगी पडतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाच्या सुमारास आणि ओहोटी बाराच्या. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि त्या दिवसांत उधाण. आता पाहा, सकाळी निघालेले कुटुंब किहीमला पोहोचून, जेवून एक-दीडला पाण्यात उतरते. पौर्णिमेच्या आसपास ही नेमकी उतरत्या पाण्याची वेळ! सहा तासांच्या ओहोटीत निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच उतरते, म्हणजे सव्वा ते सव्वातीन. हवा भरलेल्या ट्यूबमध्ये बसलेले मूल अशा वेळी बघता बघता आत जाते. म्हणून ट्यूब नकोच. कॅलेंडर घरोघरी असते, निघण्यापूर्वी तिथी बघावी. गेल्यावर कोळी बांधवांना वेळ विचारून खात्री करावी, कारण हा हिशेब अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो. अलिबागला कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाणाऱ्यांनीही हे पाहावे.

बुडणारे मूल ओरडते, हात हलवते, हा समज सिनेमामुळे झाला आहे. तोंड पाण्याच्या पातळीला आले की श्वास घेण्यातच सारी शक्ती जाते, ओरडायला श्वास उरत नाही. मूल गुपचूप बुडते. तीन वर्षांच्या मुलाला गुडघाभर पाणीही पुरते. दहा मोठी माणसे किनाऱ्यावर असली तर प्रत्येकाला वाटते, दुसरा बघतो आहे. तेव्हा पाळी ठरवून घ्यावी. ज्याची पाळी त्याने पत्ते, गप्पा, मोबाइल बाजूला ठेवून हाताच्या अंतरावर पाण्यात उभे राहावे. मद्य घेतलेल्यास ही पाळी देऊ नये.

दुर्दैवाने मूल बेशुद्ध बाहेर काढले तर त्याला उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे हे प्रकार अजून होतात. त्यात मोलाची मिनिटे जातात आणि उलटी श्वासनलिकेत जाते. प्राणवायूविना चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. मूल घट्ट वाळूवर उताणे निजवा. मान किंचित मागे करून हनुवटी वर उचला. श्वास चालू नसेल तर नाक चिमटीत धरून तोंडाने पाच श्वास द्या, छाती वर येते का पाहा. हालचाल नसेल तर छातीच्या मध्यभागी तळहाताने, छातीच्या जाडीच्या एकतृतीयांश खोल, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने तीस दाब, मग दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मूल शुद्धीवर येऊन हसू लागले तरी अलिबागच्या जिल्हा रुग्णालयात न्यावे. फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

जेलीफिश लागली तर वाळू चोळू नये, गोडे पाणी ओतू नये. समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, नंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे ठेवावा. दम लागला किंवा अंगभर गांधी उठल्या तर मात्र थेट दवाखाना.

राहिले ऊन. अकरा ते चार मुलांना सावलीत ठेवावे, शहाळे किंवा लिंबू-साखर-मीठ-पाणी देत राहावे. लघवी गडद पिवळी किंवा कमी झाली तर पाणी कमी पडते आहे. आणि त्या वेळेत कंटाळा येईल म्हणता? पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास सुगरण पक्ष्याचा अभ्यास किहीमलाच केला. पावसाळ्यात घरटी विणणे चालते, इतर वेळी जुनी लोंबती घरटी शोधायला मुलांना सांगावे.