पनवेलच्या डोंगराकडचे शांत रस्ते : फजरनंतर सायकल कुठे न्यायची?

पनवेलमध्ये राहून सायकल चालवायची म्हटलं की पहिला सवाल घरातूनच येतो, "चालवणार कुठे?" सवाल चुकीचा नाही. एका बाजूला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, दुसरीकडे गोव्याला जाणारा राष्ट्रीय महामार्ग 66, मधून जुना मुंबई-पुणे रस्ता, उरणच्या बंदराकडे पळणारे कंटेनर आणि आता विमानतळ. 1830 साली बोरघाटाचा रस्ता खुला झाला तेव्हापासून पनवेल हे मुंबई आणि पुण्यामधलं नाकंच आहे. माल मुंबईहून होडीने इथे उतरायचा आणि पुढे बैलगाडीने घाटाकडे जायचा. गाव वसलंच रहदारीवर, मग शांतता मागायची कुठे?

ती पूर्वेला आहे. सकाळी गच्चीवर उभं राहिलं की माथेरानचा लांब सपाट माथा, त्याच्या अलीकडे प्रबळगड आणि बाजूला कलावंतिणीचा सुळका दिसतो. या डोंगरांच्या पायथ्याकडे जाणारे दोन-तीन रस्ते अजून सायकलवाल्याला जागा देतात. आम्ही काही शिक्षक, काही पालक आणि आमची मुलं या रस्त्यांवर जात असतो. ज्या घरांत मुलांच्या हातातला मोबाईल आणि मोठ्यांची शुगर हे दोन विषय रोज निघतात (आपल्या मोहल्ल्यात अशी घरं कमी नाहीत), त्यांच्यासाठी ही माहिती.

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. शांत रस्ता नकाशात ओळखायचा कसा? जो रस्ता पुढे कुठेच जात नाही, तो शांत. माथेरानला मोटार जाते ती नेरळच्या बाजूने, तीही दस्तुरी नाक्यापर्यंत. पनवेलच्या बाजूने माथेरानवर चढणारा मोटाररस्ताच नाही, फक्त पायवाटा आहेत. त्यामुळे आपल्याकडून डोंगराकडे जाणारा रस्ता शेवटच्या वाडीपाशी संपतो. त्यावर ट्रक शॉर्टकट मारायला येत नाही. गावची दुचाकी, एखादी एसटी, प्रवाशांनी भरलेली विक्रम, दूधवाला, एवढीच वर्दळ.

असा सगळ्यात चांगला रस्ता म्हणजे पनवेल ते धोदाणी. नवीन पनवेलहून नेऱ्याकडे निघायचं. नेऱ्यापर्यंतचा तुकडा आता पूर्वीसारखा राहिलेला नाही, दोन्ही बाजूंनी इमारती उठतायत आणि खडी-वाळूचे डंपर फिरतात. म्हणून तो भाग पहाटेच पार करावा. नेरे परिसरात शांतिवन आहे, कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनासाठी उभी राहिलेली संस्था. मुलं सोबत असतील तर त्यांना त्याबद्दल जरूर सांगा. कुष्ठरोग औषधांनी बरा होतो, ही गोष्ट अजून सगळ्या घरांत पोचलेली नाही.

नेरे सोडलं की रस्ता बदलतो. एका अंगाला गाढी नदी, शेतं, मग आंबा, साग, ऐन. पुढे देहरंगचं धरण लागतं, त्यालाच लोक गाढेश्वर म्हणतात. पनवेल शहराला इथून पाणी मिळतं. नळाचं पाणी कुठून येतं हे पाठ्यपुस्तकात वाचण्यापेक्षा इथे उभं राहून बघितलेलं मुलाच्या लक्षात राहतं. धरणापर्यंत चढ असा जाणवत नाही. मालडुंग्यानंतर मात्र गिअर खाली घ्यावे लागतात, आणि धोदाणीला रस्ता डोंगराच्या पायाशी येऊन थांबतो. पनवेलहून एका बाजूचं अंतर साधारण 16 ते 18 किलोमीटर. परतीचा बहुतेक रस्ता उताराचा, त्यामुळे दमलेला माणूसही घरी पोचतो. धोदाणीतून गावकरी पायवाटेने माथेरान चढतात, भाजी-दूध वर घेऊन जातात. आपण सायकल तिथेच ठेवून चहा प्यायचा.

माथेरानचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो. नेरळहून माथेरानला जाणारी छोटी गाडी 1904 ते 1907 या काळात अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी उभी केली आणि पैसा लावला त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी. मुंबईतलं बोहरा घराणं. आमच्या वर्गात हे विचारलं तर दहापैकी नऊ मुलं "इंग्रजांनी बांधली" म्हणतात.

दुसरा रस्ता ठाकूरवाडीचा, प्रबळगडाच्या पायथ्याचा. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने शेडुंगपर्यंत जायचं आणि तिथून डावीकडे आत वळायचं. आतला भाग सुंदर आहे, शेवटचा चढ चांगलाच खडा आहे, तरुण मुलांना आवडतो. पण शेडुंगपर्यंत ट्रक-बसच्या सोबतीने जावं लागतं आणि शनिवार-रविवारी कलावंतिणीला जाणाऱ्या ट्रेकर मंडळींच्या गाड्यांची रांग लागते. लहान मुलांना घेऊन हा रस्ता आम्ही करत नाही.

आणखी पुढे चौक आणि मोरबे धरण. (मोरबे नावाचं गाव पनवेल तालुक्यातही आहे आणि मोरबे धरण खालापूर तालुक्यात. मोबाईलवर नुसतं "मोरबे" टाकून निघालेला भलतीकडेच पोचतो.) धरणाच्या आसपासचे गावरस्ते शांत आहेत. समोर इर्शाळगड दिसतो. 19 जुलै 2023 च्या रात्री याच गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. शोध थांबवला तेव्हा 27 मृतदेह मिळाले होते आणि 57 माणसं बेपत्ता होती. एवढ्यासाठी जोराच्या पावसात डोंगराच्या कुशीतल्या रस्त्यांवर जाऊ नका, असं आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो. जुलै-ऑगस्टमध्ये फोटो फार छान येतात, खरं आहे. पण अतिवृष्टीचा इशारा असेल त्या दिवशी सायकल घरात. गाढेश्वरच्या परिसरातही पावसाळ्यात बुडून जीव गेले आहेत आणि प्रशासन तिथे बंदीचे आदेश काढतं. ते आदेश मोडण्यात बहादुरी नाही. शिवाय पावसाळी रविवारी तिथे गाड्यांची आणि हुल्लडबाजीची इतकी गर्दी असते की शांतता उरतच नाही. आमच्या मते ऑक्टोबरअखेर ते फेब्रुवारी हा खरा मोसम.

कर्नाळ्याबद्दल बरेच जण विचारतात. जंगल म्हणून कर्नाळा उत्तम, सायकलचा रस्ता म्हणून नाही. 1968 साली जाहीर झालेलं हे पक्षी अभयारण्य पनवेलपासून जेमतेम 12 किलोमीटरवर आहे, पण गोव्याचा महामार्ग त्याच्या पोटातूनच जातो. पळस्पे फाट्यापासून अवजड गाड्यांच्या कडेने जावं लागतं. तिथे एसटीने किंवा गाडीने जा आणि आत पायी फिरा. शीळ कस्तूरचा आवाज ऐकायला सायकल लागत नाही. वाटेत शिरढोण लागतं, वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. इंग्रजांविरुद्ध उठाव करताना त्यांनी पुढे रोहिल्यांनाही सोबत घ्यायचा प्रयत्न केला होता, हे मुलांना सांगण्यासारखं आहे. आणि पक्ष्यांचा विषय आहे तर डॉ. सालिम अलींना विसरून कसं चालेल? 1930 च्या सुमारास आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहून त्यांनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. दुर्बीण घेऊन झाडाखाली तासन्‌तास बसणं हे "आपल्या लोकांचं काम नाही", असं म्हणणाऱ्यांना हे नाव पुरेसं आहे.

ज्यांना सपाट रस्ता हवा त्यांनी पाताळगंगेच्या काठाने आपट्याकडे जाऊन बघावं. रसायनीच्या कारखान्यांचे टँकर असतात, त्यामुळे सुट्टीची सकाळच बरी. आपटा स्टेशन लहानसं आहे, पण शाहरुख-काजोलच्या त्या प्रसिद्ध सिनेमातली शेवटची गाडी इथूनच सुटली होती. आमच्यातल्या एका खालांना ही माहिती मिळाल्यावर त्या पहिल्यांदा सायकलवर यायला तयार झाल्या.

आता वेळेचं. आपल्यासाठी फजर हा फार सोयीचा गजर आहे. नमाज झाली, थोडा चहा-खजूर घेतला आणि निघालो की रस्ता मोकळा मिळतो. हिवाळ्यात मात्र पनवेलला सूर्य सातच्या सुमाराला उगवतो, म्हणून मागचा लाल दिवा आणि पुढचा पांढरा दिवा पाहिजेच, नुसत्या रिफ्लेक्टरवर भागत नाही. नऊ-साडेनऊपर्यंत घरी परत. जुम्याच्या दिवशीही मग घाई होत नाही. रमजानमध्ये लांब जायचं नाही, ज्यांना सवय आहे त्यांनी इफ्तारच्या आधी गावातल्या गावात हलकी चक्कर मारावी. शुगर किंवा बीपीची गोळी चालू असलेल्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं आणि खिशात काहीतरी गोड ठेवावं.

नेऱ्यापुढे पंक्चरवाला मिळेलच असं नाही. जादा ट्यूब, हातपंप, पाना आणि प्रत्येकी किमान एक लिटर पाणी सोबत हवं. हेल्मेट सगळ्यांना, अब्बांनाही. द्रुतगती मार्गावर सायकलला मनाई आहे, तेव्हा मोबाईलने तिकडून रस्ता दाखवला तरी जायचं नाही.

मुलींबद्दल थोडं सविस्तर. आम्ही शाळेत बघतो, सहावी-सातवीपर्यंत सायकल चालवणारी मुलगी आठवी-नववीत अचानक पायी किंवा रिक्षाने यायला लागते. कारण विचारलं की "घरचे नको म्हणतात". घरच्यांची काळजी आम्हालाही समजते. रस्ते वाईट आहेत, लोकांच्या नजरा वाईट आहेत. पण उपाय सायकल काढून घेणं नव्हे, सोबत जाणं आहे. एक बाप, दोन मुली आणि शेजारची एखादी मावशी एवढा काफिला पुरतो. कपड्यांचा प्रश्नही सुटण्यासारखा आहे. पूर्ण चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असलेली लेडीज सायकल घ्या, ओढणी मागे गाठ मारून आत खोचा, बुरखा असेल तर खालचा घेर चाकापासून वर राहील असा बघा. गिअरच्या सायकलींना चेनकव्हर बहुधा नसतं, तिथे सैल कपडा हमखास अडकतो. ही अडचण तांत्रिक आहे, तिला मजहबी करू नका.

वाड्यांतून जाताना अदब राखा. इथे ठाकर आणि कातकरी समाजाची वस्ती आहे. न विचारता फोटो काढू नका, चॉकलेटं उधळू नका. मे महिन्यात करवंदं-जांभळं आणि पावसाच्या सुरुवातीला शेवळं, कंटोली विकायला बसलेल्या बायकांकडून घासाघीस न करता घ्या. कचरा परत आणा.

हे रस्ते किती दिवस असे राहतील? बदलापूरकडून येणाऱ्या मुंबई-वडोदरा महामार्गाचा बोगदा माथेरानच्या डोंगराखालून पनवेलच्या बाजूला येतो. "पुढे कुठेच न जाणारा रस्ता" ही या भागाची खासियत त्यामुळे बदलणार. माथेरान आणि भोवतालचा पट्टा 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, पण पायथ्याची गावं झपाट्याने शहर होतायत. रस्ता रुंद होईल तेव्हा कडेला सायकल आणि पायी चालणाऱ्यांसाठी जागा ठेवा, अशी मागणी ग्रामसभेत आणि महापालिकेत आत्ताच करता येते. ज्यांनी तो रस्ता पाहिलाय त्यांचं बोलणं जास्त ऐकलं जातं.

नवख्या कुटुंबांनी पहिल्याच दिवशी धोदाणी गाठायचा हट्ट धरू नये. पहिले दोन रविवार नेऱ्यापर्यंत जाऊन परत या, तिसऱ्या रविवारी धरण, आणि महिनाभराने शेवटची वाडी. सहावीच्या मुलाला एवढं सहज जमतं. बापाला जरा वेळ लागतो.