अंगकाठी बारीक, तरी शुगर कशी?

माणूस शिडशिडीत, आणि तरी चाळिशीत शुगर निघते. बडनेऱ्यात आपल्याही ओळखीत असं कुणी असेलच. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजन) सारखाच होता, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! २००४ साली ‘लॅन्सेट’नं दोघांचा फोटोच छापला.

म्हणून आधी वजनकाटा नको, टेप घ्या. कंबर पुरुषांत ९० आणि बायकांत ८० सेंटिमीटरच्या वर गेली, की तपासणी करून घ्यावी.

रक्तात मेटाबोलाइट (अन्न वापरलं जाताना तयार होणारे बारीक पदार्थ) फिरत असतात. साखर त्यांतलीच. ती उपाशीपोटी मोजतात. उपाशीपोटी म्हणजे किमान आठ तास पाण्याशिवाय काही नाही. ‘नुसता अर्धा कप चहा’ही नाही. नमुना अमरावतीला जाणार असेल, तर किती वाजता निघणार ते विचारून घ्या. रक्त नळीत पडून राहिलं, की त्यातल्या पेशी तासाला पाच-सात टक्के साखर खातात, उन्हाळ्यात आणखी. रिपोर्ट उगाच चांगला येतो.

चरबीच्या तपासणीत एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) पुष्कळदा थेट मोजत नाहीत, वजाबाकीनं काढतात. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) ४००च्या वर असेल, तर ती वजाबाकी धरू नये.

आपल्या भागात खरा घोळ होतो तो तीन महिन्यांच्या शुगरचा, म्हणजे एचबीएवनसीचा. ही चाचणी हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजते आणि लाल पेशी सुमारे चार महिने जगतात असं धरून चालते. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णात (‘एसएस’) त्या फार लवकर मरतात. साखर चिकटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे शुगर वाढलेली असूनही आकडा कमी दिसतो. वाहकात (‘एएस’) पेशींचं आयुष्य ठीक असतं, पण काही यंत्रं चुकतात. उलट लोह कमी असलेल्या बाईत आकडा फुगतो. मेळघाटच नव्हे, साऱ्या विदर्भात सिकलसेल आहे. तेव्हा घरात कुणाला असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगा आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची शुगर किंवा फ्रुक्टोसामिन (रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेली साखर) तपासण्याबद्दल विचारा. हे विचारायला संकोच कसला?

होमोसिस्टीन हा आणखी एक मेटाबोलाइट. बी ट्वेल्व हे जीवनसत्त्व कमी पडलं, की तो साचतो. १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांत झालेल्या अभ्यासात निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी ट्वेल्व कमी निघालं. ज्यांच्यात ते कमी आणि फोलेट (आणखी एक ब जीवनसत्त्व) जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण जास्त होतं. भाकरी-वरणात बी ट्वेल्व नाही. दूध, दही, अंडी, मटण यांतून ते मिळतं.

जनुकांच्या महागड्या पॅकेजच्या मागे लगेच लागू नका. मधुमेहात शेकडो जनुकांचा थोडाथोडा हात असतो, त्यातून आपल्याला आज काय करायचं ते फारसं कळत नाही. आधी घरातली माहिती काढा: वडील-भावाला ५५च्या आत, आई-बहिणीला ६५च्या आत हार्ट अटॅक आला होता का? आला असेल, तर लायपोप्रोटीन ए (रक्तातून चरबी वाहून नेणारा एक कण) तपासा. हा जवळजवळ पूर्ण वारशानं ठरतो, पथ्यानं फारसा हलत नाही. म्हणून एकदा तपासलं तरी पुरतं. ५० मिलिग्रॅमच्या वर निघाला, तर भावंडांना आणि मुलांनाही तपासायला सांगा.