उडत्या खोलीतील शेगडी

मे महिन्यात ज्या छत्रपती संभाजीनगरात पारा चाळिशी ओलांडतो, तेथील माणसाला विमानात शेगडी कशाला हवी? थोडे गणित करून पाहू या. चिकलठाण्याचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५८० मीटर उंचीवर आहे. समजा, डिसेंबरातील एका सकाळी तेथे १२ अंश सेल्सिअस तापमान आहे. दर किलोमीटर वर गेले की हवेचे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. मग तीन किलोमीटर वर चढलेल्या विमानाबाहेर किती तापमान असेल? उणे साडेसात अंश! म्हणजे पाण्याच्या गोठणबिंदूच्याही खाली.

मोठ्या जेट विमानात इंजिनाने दाबलेली हवा आयतीच गरम मिळते. पण हौसेने घरी बांधलेल्या लहान विमानाचे काय? अशी विमाने आपल्याकडेही झाली आहेत. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईतील ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिले आणि २०१७ साली त्याची अधिकृत नोंदणी झाली. घरी विमान बांधणाऱ्याला पंख आणि इंजिन यांबरोबरच बसायच्या जागेतील ऊब आणि समोरची स्वच्छ काच यांचाही विचार करावा लागतो.

फुकटची उष्णता

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाची साधारण एक-तृतीयांश ऊर्जाच पंखा फिरवण्याच्या कामी येते. जवळपास तेवढीच ऊर्जा धुराबरोबर नळीतून बाहेर जाते. मोटारसायकलच्या सायलेन्सरचा चटका ज्याला बसला आहे, त्याला हे निराळे सांगायला नको!

हीच वाया जाणारी उष्णता येथे उपयोगी पडते. धुराच्या नळीभोवती पत्र्याचे एक आवरण बसवतात. नळी आणि आवरण यांमधील पोकळीतून बाहेरची ताजी हवा खेळवतात. ती तापते आणि एका झडपेतून आत येते. ऊब नको असेल तेव्हा तीच झडप गरम हवा बाहेर सोडून देते. धूर नळीच्या आत, हवा नळीच्या बाहेर. दोहोंची भेट मुळीच होता कामा नये.

काच का धुरकटते?

२० अंश तापमानाची एक घनमीटर हवा सुमारे १७ ग्रॅम बाष्प सामावू शकते. शून्य अंशाला केवळ ५ ग्रॅम. आत बसलेल्यांच्या श्वासातील बाष्प थंड काचेशी आले की त्याचे पाणी होते, आणि काच गोठणबिंदूखाली असली तर हिमाचा पातळ थर होतो. म्हणून काचेच्या तळाशी एक लांब फट ठेवून तीतून गरम हवा काचेवर सोडतात. बाहेरच्या अतिथंड हवेत मुळातच बाष्प फार कमी असते. ती तापवली की अगदी कोरडी होते आणि काचेवरचा ओलावा भराभर शोषून घेते.

मात्र बहुधा ही काच ॲक्रिलिक प्लॅस्टिकची असते. एकाच जागी फार कढत झोत बसला तर ती मऊ पडते. म्हणून झोत पसरून सोडावा लागतो.

खरी कसोटी उतरताना असते. वैमानिक इंजिनाचा जोर कमी करतो, धूर निवतो आणि शेगडीही मंदावते. त्याच वेळी वर गारठलेली काच खालच्या दमट हवेत येते. धावपट्टी नीट दिसायला हवी, नेमकी तेव्हाच काच धुरकटते! त्यामुळे उतरू लागण्यापूर्वीच काच तापवून ठेवणे शहाणपणाचे.

न दिसणारा शत्रू

धुराच्या नळीला केसाएवढी चीर पडली तर? धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू गरम हवेबरोबर आत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. डोके दुखते, झापड येते, आणि धोका कळण्याआधीच बुद्धी मंदावते.

जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्सहून ब्रिटनला निघालेले एक लहान विमान समुद्रात कोसळले. त्यातील फुटबॉलपटू एमिलियानो साला यांच्या रक्तातील ५८ टक्के हिमोग्लोबिन या वायूने अडवले होते. विमान घरी बांधलेले नव्हते. पण वायूला तो भेद कळत नाही.

उपाय साधे आहेत. सायकलच्या दुकानात ट्यूब पाण्यात बुडवून पंक्चर शोधतात ना? तसेच धुराच्या नळीत हवा भरून बाहेरून साबणाचे पाणी लावतात. बुडबुडे आले, तेथे चीर! शिवाय वायू ओळखून इशारा देणारे यंत्र आत बसवतात. त्याने इशारा देताच शेगडीची झडप बंद करायची, ताज्या हवेची द्वारे उघडायची आणि लवकरात लवकर उतरायचे.

काही इंजिनांत सिलिंडरची टोके पाण्याने थंड करतात. तेथे मोटारीप्रमाणे त्या गरम पाण्यावरच हवा तापवता येते, आणि धुराच्या नळीशी संबंधच उरत नाही.

आता एक प्रयोग करा. स्टीलची दोन ताटे फ्रीजमध्ये गार करा. दोन्हींवर श्वास सोडा. एक पंख्याखाली धरा, दुसरे तसेच ठेवा. कोणते आधी कोरडे होते? मग सांगा, पावसाळ्यात एसटीची काच धुरकटली की चालकाने काय करावे?